टीबीच्या पेशंटचं कॅल्शियम: रक्त देण्यापासून औषधं संपेपर्यंत काय, कधी आणि कोणत्या क्रमाने

फुप्फुसाच्या टीबीची औषधं सुरू झाली की पंधरा दिवसांत घरातलं कोणीतरी म्हणतं, "अंगात काही राहिलं नाही, कॅल्शियम कमी झालं असेल." मग औषधाच्या दुकानातून गोळ्यांची पाकिटं आणि व्हिटॅमिन डीच्या पुड्या घरी येतात. रक्त तपासलं जातं ते नंतर, किंवा तपासलंच जात नाही.

नागपुरात फॅमिली डॉक्टर म्हणून काम करताना ही उलटी वाट मी पुन्हा पुन्हा पाहिली आहे. एका उन्हाळ्यात उमरेड रोडकडच्या एका काकांना त्यांच्या मुलाने गुंगीतच आणलं. "टीबी डोक्यात चढला का जी?" एवढंच तो विचारत होता. तशी शंका येणं बरोबरच होतं, कारण टीबी मेंदूच्या आवरणातही जातो. काकांचं कॅल्शियम मात्र १४ च्या वर निघालं. नेहमीचं साधारण १०.५ पर्यंत असतं. ६०,००० युनिटची व्हिटॅमिन डीची पुडी आठवड्यातून एकदा घ्यायची असते. ती लवकर ताकद यावी म्हणून महिनाभर रोज दिली गेली होती. मुलाने मायेपोटी केलं होतं. आठवड्यातून एकदाच, हे त्याला कोणी नीट सांगितलंच नव्हतं.

म्हणून हा लेख पेशंटच्या घरच्यांसाठी आहे, आणि ज्यांच्याकडे असे पेशंट आधी येतात त्या माझ्या तरुण डॉक्टर मित्रांसाठीही आहे. टीबीमध्ये कॅल्शियमचा आकडा एकटा कधीच वाचायचा नसतो, आणि तो वाचायच्या आधी काही द्यायचंही नसतं.

## सुरुवातीला हे समजून घ्या

व्हिटॅमिन डी आपल्या शरीरात दोन टप्प्यांत तयार होतं. उन्हातून किंवा पुडीतून आलेल्या कच्च्या डीचं लिव्हरमध्ये साठ्याचं डी बनतं. रिपोर्टवर '२५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी' लिहिलेलं असतं ते हेच. किडनी त्यातून कामाचं डी, म्हणजे कॅल्सिट्रिऑल बनवते, आणि हे कॅल्सिट्रिऑल आतड्यातून कॅल्शियम ओढून घेतं. किडनीने ते किती बनवायचं यावर गळ्यातल्या पॅराथायरॉईड ग्रंथींचा लगाम असतो. त्यांच्या हार्मोनला पीटीएच म्हणतात. रक्तात कॅल्शियम वाढलं की पीटीएच कमी होतं आणि किडनी हात आखडता घेते.

टीबीमध्ये फुप्फुसात ज्या गाठी होतात, त्यांतल्या पेशीसुद्धा साठ्याच्या डीचं कॅल्सिट्रिऑल बनवू शकतात. या पेशी पीटीएचचं ऐकत नाहीत. त्यांना जितका कच्चा माल मिळेल तितकं त्या बनवत राहतात. बहुतेक पेशंटमध्ये यामुळे फार बिघडत नाही. पण वरून पुड्यांचा मारा झाला तर कॅल्शियम चढतं.

दुसऱ्या बाजूने टीबीची औषधंही या कारभारात हात घालतात. रिफाम्पिसिनमुळे लिव्हर व्हिटॅमिन डी लवकर मोडून टाकतं, आणि आयसोनियाझिडमुळे ते तयार होण्यात अडथळा येतो. त्यामुळे एकाच आजारात कॅल्शियम वरही जाऊ शकतं आणि डी खालीही येऊ शकतं. अंदाजाने औषध देणं इथे धोक्याचं ठरतं ते यामुळेच.

## पायरी १: पेशंटच्या पोटात काय काय जातं, त्याची यादी करा

रक्त देण्याच्या आदल्या दिवशी घरातली सगळी पाकिटं, बाटल्या आणि डबे एका पिशवीत भरा आणि पिशवीच डॉक्टरांसमोर ठेवा. तोंडी सांगताना हमखास काहीतरी राहून जातं. बहुतेक वेळा राहतात त्या या गोष्टी:

- व्हिटॅमिन डीच्या पुड्या, कॅप्सूल आणि इंजेक्शन. ६ लाख युनिटचं एक इंजेक्शन महिन्यांपूर्वी घेतलेलं असलं तरी सांगा. हे व्हिटॅमिन चरबीत साठतं आणि सावकाश बाहेर येतं.
- प्रोटीन पावडरचा डबा. अनेक डब्यांत कॅल्शियम आणि डी मिसळलेलं असतं. टीबीच्या पेशंटसाठीच्या सरकारी निक्षय पोषण योजनेत आता महिन्याला १,००० रुपये मिळतात. ते डाळ, अंडी, दूध, शेंगदाणे यांवर खर्च व्हावेत अशी माझी कळकळीची विनंती आहे.
- बीपीची गोळी. नावापुढे 'एच' असेल तर तिच्यात बहुधा हायड्रोक्लोरोथायझाइड असतं. ते लघवीतून जाणारं कॅल्शियम अडवतं.
- ॲसिडिटीची औषधं. चघळायच्या काही गोळ्या म्हणजे चक्क कॅल्शियम कार्बोनेट असतं.
- केसांसाठी किंवा ताकदीसाठी घेतलेली बायोटिनची गोळी. हिचं काम पुढच्या पायरीत आहे.
- चुना.

चुन्याबद्दल नागपुरात वेगळं सांगावं लागतं. घोटलेल्या खर्‍यात सुपारी आणि तंबाखूबरोबर चुना असतो. दिवसाला दहा-बारा पुड्या खाणारी माणसं मी रोज पाहतो. चुना म्हणजे कॅल्शियमचा क्षार. त्यात कॅल्शियम तर आहेच, शिवाय अल्कलीही आहे, आणि ही जोडी किडनीला कॅल्शियम बाहेर टाकू देत नाही. सुपारी आणि चुना सतत चघळणाऱ्यांमध्ये कॅल्शियम वाढून किडनी बिघडल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. 'गव्हाच्या दाण्याएवढा चुना दह्यात घ्या, हाडं लोखंडासारखी होतील' हा मोबाइलवर फिरणारा सल्लाही टीबीच्या पेशंटने पाळू नये.

तपासा: खर्‍याचा प्रश्न पेशंटला सगळ्यांसमोर विचारू नका. म्हातारी आई समोर बसली असेल तर मुलगा "नाही" म्हणेल.

## पायरी २: सॅम्पल नीट द्या

इथे चूक झाली तर पुढचं सगळं गणित चुकतं.

सकाळी उपाशीपोटी, पंधरा मिनिटं शांत बसून रक्त द्या. दंडाला पट्टा आवळून शीर शोधत दोन-तीन मिनिटं गेली तर त्या हातातलं प्रोटीन दाटतं आणि कॅल्शियम खोटं वाढलेलं दिसतं. शीर सापडत नसेल तर पट्टा सोडायला सांगा आणि दुसऱ्या हातातून घ्यायला लावा. सांगायला संकोच करू नका. मूठ उघडझाप करणंही टाळा.

जांभळ्या झाकणाच्या नळीत ईडीटीए असतं आणि ते कॅल्शियमला धरून ठेवतं. त्या नळीतलं रक्त चुकून कॅल्शियमच्या नळीत गेलं तर कॅल्शियम फार कमी आणि पोटॅशियम फार जास्त येतं. असा जोडीने विचित्र आकडा आला आणि पेशंट मात्र ठीकठाक बसलेला असला, तर घाबरून सलाईन लावू नका. आधी सॅम्पल पुन्हा घ्या.

पीटीएच नाजूक असतं. घरून सॅम्पल नेणारा मुलगा मे महिन्यात, पारा ४५ ला टेकलेला असताना, आणखी पाच घरं फिरून लॅबला पोहोचणार असेल तर पीटीएचचं सॅम्पल घरून देऊ नका. थेट लॅबमध्ये जा.

बायोटिनच्या जास्त डोसच्या गोळ्या किमान ३ दिवस आधी थांबवा. काही मशीनवर बायोटिनमुळे पीटीएच खोटं कमी आणि व्हिटॅमिन डी खोटं जास्त येतं. म्हणजे व्हिटॅमिन डी जास्त झाल्यावर जसा रिपोर्ट येतो, हुबेहूब तसाच.

सावधान: टीबीच्या गोळ्या मात्र तपासणीसाठी थांबवायच्या नाहीत. एक दिवससुद्धा नाही.

## पायरी ३: एकाच सॅम्पलवर काय काय मागायचं

नुसतं "कॅल्शियम करा" असं लिहिलेली चिठ्ठी निम्मी वाया जाते. पहिल्या वेळी इतकं एकत्र हवं: कॅल्शियम, अल्ब्युमिन, फॉस्फरस, मॅग्नेशियम, क्रिएटिनिन, सोडियम आणि पोटॅशियम. यातला बराचसा भाग लिव्हर आणि किडनीच्या नेहमीच्या तपासणीत आपोआप येतो, त्यामुळे खर्च फारसा वाढत नाही. फक्त ते एकाच दिवशी, एकाच सॅम्पलवर झालं पाहिजे.

पीटीएच आणि २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी महाग आहेत. कॅल्शियम बिघडलेलं असेल, हाडं किंवा स्नायू दुखत असतील, किंवा डीच्या पुड्या आधीच घेऊन झाल्या असतील, तेव्हा त्या करा. कॅल्सिट्रिऑलची तपासणी सरसकट कोणालाही लागत नाही. कॅल्शियम वाढलेलं आणि पीटीएच दबलेलं असेल तेव्हाच तिचा उपयोग.

## पायरी ४: अल्ब्युमिनचा हिशोब लावा

रक्तातलं साधारण निम्मं कॅल्शियम प्रोटीनला, मुख्यतः अल्ब्युमिनला, चिकटलेलं असतं. शरीर वापरतं ते मोकळं कॅल्शियम. टीबीने खंगलेल्या माणसाचं अल्ब्युमिन घसरतं, म्हणून एकूण कॅल्शियमचा आकडाही घसरलेला दिसतो. मोकळं कॅल्शियम मात्र ठीक असू शकतं. एकूण कॅल्शियमची नेहमीची मर्यादा साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम आहे, पण तुमच्या लॅबची मर्यादा रिपोर्टवर पाहून घ्या.

हिशोब असा: ४ मधून अल्ब्युमिन वजा करा, आलेल्या आकड्याला ०.८ ने गुणा आणि तो रिपोर्टवरच्या कॅल्शियममध्ये मिळवा.

पहिला पेशंट: कॅल्शियम ८.०, अल्ब्युमिन २.६. चारमधून २.६ गेले, १.४ उरले. त्याला ०.८ ने गुणलं की १.१. खरं कॅल्शियम ९.१. म्हणजे रिपोर्टवर खाली जाणारा बाण असला तरी कॅल्शियम कमी नाही आणि गोळीची गरज नाही.

दुसरा पेशंट: कॅल्शियम १०.२, अल्ब्युमिन २.४. फरक १.६, गुणिले ०.८ म्हणजे १.३. खरं कॅल्शियम ११.५. रिपोर्टवर कसलीही खूण नाही, आकडा 'नॉर्मल', आणि कॅल्शियम वाढलेलं! मला जास्त भीती या दुसऱ्या पेशंटची वाटते, कारण त्याच्याकडे कोणाचं लक्षच जात नाही.

हा हिशोब अंदाजाचा आहे. अल्ब्युमिन फारच कमी असेल किंवा लक्षणं आणि आकडा जुळत नसतील तर आयोनाइज्ड, म्हणजे मोकळं कॅल्शियम थेट मोजून घ्या. त्या सॅम्पलला हवा लागू द्यायची नसते आणि ते लगेच मशीनवर जावं लागतं. म्हणून ते मोठ्या हॉस्पिटलच्या लॅबमध्येच करावं.

## पायरी ५: कॅल्शियम आणि पीटीएच शेजारी ठेवून वाचा

कॅल्शियम जास्त, पीटीएच दबलेलं, साठ्याचं डी १५० नॅनोग्रॅमच्या आसपास किंवा वर. पुड्यांचा किंवा इंजेक्शनचा अतिरेक झालेला आहे.

कॅल्शियम जास्त, पीटीएच दबलेलं, साठ्याचं डी साधारण किंवा कमी. इथे टीबीच्या गाठींचा संशय घ्या आणि कॅल्सिट्रिऑल मोजा. ते वाढलेलं असेल तर संशयाला बळ मिळतं. सगळ्यात घातक चूक याच ठिकाणी होते. साठ्याचं डी १४ आलं की रिपोर्टवर 'कमतरता' असं ठळक छापलेलं असतं. ते वाचून पुड्या लिहिल्या जातात. साठा कमी दिसतो, कारण गाठी त्याचं भराभर कामाचं डी बनवत असतात. त्यात आणखी कच्चा माल टाकला तर कॅल्शियम भडकतं. डी कमी असल्याचं वाचून पुडी लिहिण्याआधी त्याच दिवसाचं, हिशोब लावलेलं कॅल्शियम पाहिलंच पाहिजे.

कॅल्शियम जास्त, पीटीएचही जास्त. हे टीबीचं काम नाही. पॅराथायरॉईड ग्रंथीचा वेगळा विकार शोधावा लागतो.

कॅल्शियम जास्त, पीटीएच दबलेलं, दोन्ही प्रकारचं डी वाढलेलं नाही. कॅन्सरचा विचार करावा लागतो. फुप्फुसात टीबी आणि कॅन्सर एकत्रही असू शकतात, विशेषतः वर्षानुवर्षं बिडी ओढणाऱ्यांत.

हिशोबानंतरही कॅल्शियम कमी, पीटीएच वाढलेलं, डी २० च्या खाली. ही डीची खरी कमतरता. इथे पुडी द्यायची.

कॅल्शियम कमी आणि पीटीएचही कमी किंवा जेमतेम. मॅग्नेशियम पाहा. मॅग्नेशियम घसरलं की पीटीएच नीट बनत नाही. ते भरून काढल्याशिवाय कॅल्शियम कितीही दिलं तरी टिकत नाही.

## पायरी ६: वाढलेलं असेल तर

डॉक्टरांशी बोलून डी, कॅल्शियम, चुना आणि 'एच'ची बीपीची गोळी आधी थांबवा. बीपीसाठी दुसरी गोळी मिळते. मुद्दाम उन्हात बसणंही थांबवा. टीबीची औषधं चालूच ठेवा, कारण गाठी विझवणारा मूळ उपाय तोच आहे.

लक्षणं ओळखायला अवघड जातात. घट्ट बद्धकोष्ठता, खूप तहान, रात्रीतून चार-पाच वेळा लघवी, मळमळ, सुस्ती, मग गोंधळ. यातली बरीच टीबीच्या गोळ्यांमुळेही होतात, म्हणून "गोळ्या गरम पडल्या" म्हणून सोडून दिली जातात. मळमळीबरोबर डोळे पिवळे दिसले तर तो लिव्हरचा त्रास आहे आणि त्याच दिवशी दाखवायला हवं.

वाढलेल्या कॅल्शियमवर भरपूर पाणी पाजा असा सल्ला सगळीकडे मिळतो, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात तो पटतोही. शरीर कोरडं पडलं की कॅल्शियम आणखी चढतं हेही खरं. पण फुप्फुसाच्या टीबीमध्ये काही पेशंटचं शरीर एडीएच नावाचं हार्मोन गरज नसताना सोडत राहतं. हे हार्मोन किडनीला पाणी धरून ठेवायला लावतं आणि रक्तातलं सोडियम पातळ होतं. अशा पेशंटला तांब्यावर तांब्या साधं पाणी पाजलं तर सोडियम आणखी खाली जातं आणि गुंगी वाढते. म्हणून पायरी ३ मध्ये सोडियम आहे. ते १३५ च्या खाली असेल तर किती पाणी आणि कोणतं सलाईन, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तरीही तेच.

सावधान: हिशोब लावलेलं कॅल्शियम १४ च्या वर, किंवा त्याहून कमी असूनही पेशंट गोंधळलेला, सतत उलट्या, लघवी कमी, अशी स्थिती असेल तर घरी थांबू नका. नागपुरातलं मेडिकल हॉस्पिटल, मेयो, मिहानचं एम्स, जे जवळ पडेल तिथे ॲडमिट करा. सगळ्या औषधांची पिशवी सोबत न्या.

स्टिरॉइडने गाठींमधलं कॅल्सिट्रिऑल कमी करता येतं, पण ते डॉक्टरांनी मोजूनमापून द्यायचं औषध आहे. रिफाम्पिसिन स्टिरॉइडही लवकर मोडतं, त्यामुळे नेहमीचा डोस पुरतोच असं नाही.

## पायरी ७: कमी असेल तर

ओठांभोवती मुंग्या, हाताची बोटं आखडणं, पोटऱ्यात गोळे येणं, ही खऱ्या कमतरतेची लक्षणं. डी आणि कॅल्शियम डॉक्टरांनी लिहिलेल्या डोसमध्येच घ्या. पुडी आठवड्याची असेल तर कॅलेंडरवर वार ठरवून त्यावर गोल करा. आमच्याकडे मी पाकिटावरच 'फक्त रविवारी' असं मोठ्या अक्षरात लिहून देतो.

व्हिटॅमिन डी दिल्याने टीबी लवकर बरा होतो असं चाचण्यांमध्ये सरसकट सिद्ध झालेलं नाही. ते हाडांसाठी आणि स्नायूंसाठी द्यायचं, टीबीचं औषध म्हणून नाही.

वेळ पाळा: टीबीच्या गोळ्या सकाळी. कॅल्शियम, लोह आणि ॲसिडिटीची औषधं रात्रीच्या जेवणानंतर. लिव्होफ्लॉक्सासिन हे टीबीत दिलं जाणारं औषध कॅल्शियमबरोबर किंवा दुधाबरोबर घेतलं तर पोटातच बांधलं जातं आणि रक्तात पुरेसं पोहोचत नाही. गोळी रोज घेतली जाते, आणि तरी जंतूंपर्यंत पूर्ण डोस जात नाही.

## पायरी ८: इतर हार्मोन्स, ज्यांना शोधावं लागतं

आजार जोरात असताना थायरॉईडचं टी-३ आणि पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन घसरलेलं दिसू शकतं. टीबी बरा होत जातो तसे हे आकडे बहुधा आपोआप सावरतात. फक्त टी-३ कमी आलं म्हणून थायरॉईडची गोळी सुरू करू नका. औषधाला दाद न देणाऱ्या टीबीसाठी इथिओनामाइड किंवा पीएएस चालू असेल तर मात्र टीएसएच ही थायरॉईडची रक्ततपासणी ठराविक काळाने पाहावी लागते, कारण ही दोन्ही औषधं थायरॉईड खरोखर मंद करतात. आधीपासून थायरॉईडची गोळी घेणाऱ्यांना रिफाम्पिसिन सुरू झाल्यावर डोस वाढवावा लागू शकतो. गर्भनिरोधक गोळ्याही रिफाम्पिसिनमुळे भरवशाच्या राहत नाहीत. हे नवविवाहित मुलींना कोणीही सांगत नाही, आणि सांगायलाच हवं.

ॲड्रिनल ग्रंथीबद्दल मात्र सावध राहा. टीबी तिथे पोहोचला तर तिचं कॉर्टिसॉल हे हार्मोन कमी पडतं. रिफाम्पिसिन उरलेलं कॉर्टिसॉलही लवकर मोडतं, आणि औषध सुरू झाल्यावर काही दिवसांत पेशंट कोसळू शकतो. खुणा अशा: उठल्यावर चक्कर, बीपी सतत कमी, हिरड्या आणि तळहाताच्या रेषा काळवंडलेल्या, मिठाची ओढ, सोडियम कमी आणि पोटॅशियम जास्त. कॅल्शियमही यात वाढलेलं असू शकतं. अशी शंका आली तर सकाळी ८ वाजता कॉर्टिसॉलच्या तपासणीसाठी रक्त द्या. पेशंट कोसळत असेल तर रिपोर्टची वाट न पाहता स्टिरॉइड द्यावं लागतं. थायरॉईडही कमी असेल तर स्टिरॉइड आधी आणि थायरॉईडची गोळी नंतर. हा क्रम उलटला तर जिवावर बेततं.

## पायरी ९: बेडाक्विलीन चालू असेल तर

बेडाक्विलीन, मॉक्सिफ्लॉक्सासिन आणि क्लोफाझिमिन ही दाद न देणाऱ्या टीबीची औषधं हृदयाच्या ठोक्यांची विद्युत लय लांबवतात. कॅल्शियम, पोटॅशियम किंवा मॅग्नेशियम कमी असेल तर धोका वाढतो. अमिकासिनची इंजेक्शनं हीच क्षारं लघवीतून घालवतात. अशा पेशंटचा ईसीजी आणि हे तीन क्षार एकाच भेटीत तपासा. जुलाब किंवा उलट्या झाल्या तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

## पायरी १०: पुन्हा कधी तपासायचं

डी सुरू केलं असेल तर कॅल्शियम, अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन २ ते ४ आठवड्यांनी. साठ्याचं डी मात्र ३ महिन्यांआधी पुन्हा करू नका, कारण ते हळूहळू बदलतं आणि मधला आकडा काही सांगत नाही. पुड्यांमुळे कॅल्शियम चढलं असेल तर ते उतरल्यावरही काही आठवडे तपासत राहा. चरबीतला साठा बाहेर येत राहतो आणि कॅल्शियम पुन्हा वर जातं.

दर वेळी तोच लॅब ठेवा. प्रत्येक रिपोर्टवर हिशोब लावलेलं कॅल्शियम पेनाने लिहा आणि फाइलच्या पहिल्या पानावर तारीख, कॅल्शियम, अल्ब्युमिन, सोडियम, क्रिएटिनिन अशा पाच रकान्यांची रेघ आखा. रात्रीच्या ड्युटीवरचा डॉक्टर पेशंटला पहिल्यांदाच पाहत असतो, आणि त्याला सगळ्यात आधी लागतं ते हेच पान. औषधांबद्दल किंवा पोषण योजनेच्या पैशांबद्दल अडलं तर निक्षयचा टोल-फ्री नंबर १८००-११-६६६६ त्याच पानाच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.